ऑपरेटिंग सिस्टिमचें महत्त्व संपलें काय ?

सुशिक्षित लोकांच्या बैठकींत हल्लीं एक मत इतक्या वेळां आणि इतक्या आत्मविश्वासानें ऐकूं येतें, कीं तें तपासून पाहण्याची कोणास गरजच वाटेनाशी झाली आहे. तें मत असें : संगणकांत कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे, मोबाईल अमुक प्रणालीवर चालतो कीं तमुक, हा वाद आतां हौशी तंत्रज्ञांनीं आपसांत घालावा, सामान्य गृहस्थाला त्याच्याशीं कांहीं कर्तव्य उरलेलें नाहीं. पत्रव्यवहार ब्राउझरांत होतो, बँकेचे व्यवहार ॲपमधून होतात, छायाचित्रें कोठल्याशा दूरच्या सर्व्हरवर जाऊन राहतात. मुलांचा अभ्यास, रेल्वेचें तिकीट, विजेचें बिल हें सर्व कोणत्याही यंत्रावरून सारख्याच रीतीनें होतें. मग खालीं काय आहे याची उठाठेव कशाला ?

आमचे कित्येक मित्र या मताचे आहेत, आणि त्यांत आमच्याहून अधिक शिकलेले लोकही आहेत. तथापि हें मत चुकीचें आहे, आणि ज्या वर्गाला आपल्या जाणतेपणाचा अभिमान वाटतो त्या वर्गाला तर तें विशेष घातक आहे, असें आम्हांस स्पष्टपणें म्हणावयाचें आहे.

प्रथम पूर्वपक्षाला त्याचा न्याय्य वांटा देऊं. तीस वर्षांपूर्वीं एका प्रणालीसाठीं लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीवर चालत नसे, आणि एका यंत्रावर टंकलेलें पत्र दुसऱ्यावर उघडेल याची शाश्वती नसे. आज तो त्रास पुष्कळ कमी झाला आहे. २०११ सालीं क्रोमबुक नांवाचा संगणक बाजारांत आला. त्याची सारी रचनाच ब्राउझरभोंवतीं केलेली आहे, आणि परदेशांतील अनेक शाळा त्यावर सुखानें चालल्या आहेत. सामान्य माणसाचें बरेंचसें काम आज यंत्र बदललें तरी अडत नाहीं, हें आम्ही प्रांजळपणें मान्य करितों. परंतु एखादी गोष्ट दिसेनाशी होणें वेगळें आणि ती नाहींशी होणें वेगळें. आमच्या मित्रांनीं पहिलीवरून दुसरीचें अनुमान काढलें आहे, आणि सारा घोटाळा तेथेंच आहे.

पुण्याच्या जुन्या वाड्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांना हें समजावयास कठीण जाऊं नये. बिऱ्हाडकरू आपल्या खोल्यांत वर्षानुवर्षें नांदतो. पाहुण्यांना तें घर त्याचेंच वाटतें. मालकाचें दर्शन महिन्याकांठीं भाड्यापुरतें होतें. पण दिंडीदरवाजा रात्रीं किती वाजतां लावावयाचा, नळ कोणी किती वेळ सोडावयाचा, आणि वाडा राखावयाचा कीं पाडावयाचा, हें ठरविणारा निराळाच असतो. ब्राउझर व ॲप हे बिऱ्हाडकरू आहेत. यंत्राची स्मृति कोणत्या कामाला किती द्यावयाची, कॅमेरा व मायक्रोफोन कोणाच्या हातीं द्यावयाचे, कोणता प्रोग्रॅम चालूं द्यावयाचा व कोणता दारांतूनच परत पाठवावयाचा, किल्ल्या कोठें ठेवावयाच्या, हें सर्व ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे आपली कार्यप्रणाली, ठरवीत असते. मालक सभ्य असला तर त्याचें अस्तित्व जाणवत नाहीं. म्हणून तो नाहींच असें मानणारा बिऱ्हाडकरू मात्र भोळा म्हणावा लागेल.

‘ब्राउझर सर्वत्र सारखाच’ हा प्रतिपक्षाचा मुख्य आधार आहे. तोच आधीं पाहूं. आयफोनवर क्रोम किंवा फायरफॉक्स बसविणाऱ्या गृहस्थाला वाटतें, आपण सफारी सोडून दुसरीकडे राहावयास गेलों. वस्तुस्थिति अशी, कीं त्या फोनवरील प्रत्येक ब्राउझरनें वेबकिट हें ॲपलचेंच इंजिन वापरावें, असा त्या कंपनीचा दंडक वर्षानुवर्षें चालत आला. नांव निराळें, चिन्ह निराळें, आंतील यंत्र एकच. युरोपीय संघाच्या कायद्यामुळें २०२४ च्या मार्चांत तेथील ग्राहकांपुरता हा दंडक सैल करावा लागला. ज्या वस्तूमुळें कार्यप्रणालीचें महत्त्व संपलें असें सांगतात, तीच वस्तु कशी असावी हें कार्यप्रणालीचा मालक ठरवीत आला आहे !

इतिहासही हेंच सांगतो. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत नेटस्केप हा ब्राउझर पुढें आला, तेव्हां आतां विंडोजचें महत्त्व संपणार, असें आजच्यासारखेंच बोललें जात होतें. पुढें काय झालें ? मायक्रोसॉफ्टनें आपला ब्राउझर विंडोजबरोबरच घरोघर पोंचविला आणि नेटस्केप मागें पडला. १९९८ सालीं अमेरिकन सरकारनें त्या कंपनीवर खटला भरला. २००१ सालीं अपील कोर्टानें कंपनीचे दोन तुकडे करण्याचा खालच्या कोर्टाचा हुकूम रद्द केला. परंतु मक्तेदारी टिकविण्यासाठीं बेकायदा मार्ग योजल्याचा ठपका कायम ठेवला. अलीकडचें उदाहरण याहून बोलकें आहे. सफारींत शोधाचें काम मुळांतच गूगलकडे असावें, एवढ्यासाठीं २०२२ या एका वर्षांत गूगलनें ॲपलला सुमारें २,००० कोटी डॉलर दिले, ही गोष्ट अमेरिकेंतील खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आली. ग्राहकाला वाटल्यास तो शोधाचें साधन दोन मिनिटांत बदलूं शकतो. तरी एवढी रक्कम मोजली जाते. ग्राहक जेथें निष्काळजी असतो तेथें दारवानाची किंमत वाढते, हें त्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. आम्हांला मात्र दारवानच नाहीं असें वाटतें.

आतां यंत्राच्या आयुष्याकडे वळूं. कारण मध्यम स्थितींतील कुटुंबाला येथें रोकड तोशीस लागते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबविला. नांव नोंदविणाऱ्या घरगुती ग्राहकांस सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष मिळण्याची सोय ठेवली, एवढेंच. विंडोज ११ घ्यावें तर यंत्रांत टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-व्यवस्था हवी आणि प्रोसेसर कंपनीच्या यादींतला हवा. २०१७ च्या आधीं विकले गेलेले जवळजवळ सर्व संगणक या अटींत नापास होतात. या फेऱ्यांत सुमारें २४ कोटी संगणक निकामी ठरतील, असा अंदाज कॅनालिस या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनें २०२३ च्या डिसेंबरांत वर्तविला होता. ज्या यंत्राचा पडदा स्वच्छ आहे, ज्याची एकही कळ मोडलेली नाहीं, जें काल संध्याकाळपर्यंत मुलीचा अभ्यास व वडिलांचा पत्रव्यवहार बिनतक्रार सांभाळीत होतें, तें एका तारखेनंतर धोक्याचें ठरतें. तें झिजलें नाहीं, बिघडलें नाहीं. मालकानें वाड्याची डागडुजी थांबविली, इतकेंच. ज्या घरांत शिवणयंत्र सासूकडून सुनेकडे गेलें आणि सायकल थोरल्याकडून धाकट्याकडे आली, त्या घराला हा हिशेब नवा आहे. आणि तो कळून घेण्यासाठीं कार्यप्रणाली म्हणजे काय, हें कळावेंच लागतें.

मोबाईलची कथा निराळी नाहीं. व्हॉट्सॲपनें १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइडच्या किटकॅट व त्याहून जुन्या आवृत्त्यांना, आणि त्याच वर्षीं पुढें १५.१ च्या आधींच्या आयओएसला रजा दिली. त्यामुळें आयफोन ६ सारखा फोन, हातांत धरावयाला पूर्वींइतकाच चांगला असला तरी, नातवाचा चेहरा आजीला दाखवीनासा झाला. आजीला कोणी विचारलें असतें, ‘तुमच्या फोनची कार्यप्रणाली कोणती ?’ तर ती हंसली असती. पण प्रणाली आजीला विसरली नव्हती.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय नांवाच्या प्रोग्रॅमनें दीडशें देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक कुलूपबंद केले व किल्लीसाठीं खंडणी मागितली. इंग्लंडांतील सरकारी इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. विंडोजमधील ज्या छिद्रांतून हा चोर शिरला, तें बुजविणारी दुरुस्ती दोन महिने आधीं, मार्चांतच निघाली होती. ती ज्यांनीं बसविली नाहीं, किंवा ज्यांची प्रणाली इतकी जुनी होती कीं तिच्यासाठीं ती वेळेवर निघालीच नाहीं, ते बुडाले. पुढें १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रॅमची एक सदोष फाइल जगभर गेली व सुमारें ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले. आपल्या विमानतळांवर त्या दिवशीं प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. यांत मूळ चूक मायक्रोसॉफ्टची नव्हती, हें खरें. पण दोषी प्रोग्रॅमला विंडोजच्या अगदीं गाभ्यांत प्रवेश होता म्हणूनच संगणक मुळांतून कोसळले. त्याच दिवशीं मॅक व लिनक्स यंत्रें शांतपणें चालूं होतीं. ‘खालीं कांहीं असो’ म्हणणाऱ्यांस त्या दिवशीं विमानतळावर उभें करावयास हवें होतें.

परंतु मराठी वाचकापुढें मांडण्यासारखें आमचें मुख्य कारण याहून जवळचें आहे. आमच्या एका स्नेह्यांच्या वडिलांनीं १९९७ च्या सुमारास, निवृत्त झाल्यावर, आपल्या आयुष्यांतील आठवणी संगणकावर लिहून काढल्या. घरोघरच्या विंडोजला त्या काळीं देवनागरीची ओळख नव्हती. म्हणून निरनिराळे व्यावसायिक रोमन अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचीं चित्रें बसवून फाँट विकीत. प्रत्येकाची मांडणी निराळी असे. आयएससीआयआय हें प्रमाण भारतीय मानक संस्थेनें १९९१ सालींच ठरवून दिलें होतें, परंतु बाजारानें तें फारसें मनावर घेतलें नाहीं. वडील गेले, यंत्र बदललें, तो फाँट नव्या यंत्रावर बसेना. स्नेह्यांनीं फाइल उघडली, तों पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि भलभलत्या चिन्हांचा अर्थहीन चिखल. पुढें एका रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमनें मजकूर बराचसा सोडविला; परंतु कित्येक जोडाक्षरें तुटलीं, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले, आणि कांहीं पानें कायमचीं गेलीं. तीं वडिलांच्या लहानपणच्या गांवाचीं होतीं. तो गांव पाहिलेला दुसरा कोणी त्या घरांत आतां नाहीं.

हें दुःख ब्राउझरनें दूर केलें काय ? नाहीं. युनिकोडनें १९९१ सालीं देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक दिला. पण क्रमांक म्हणजे अक्षर नव्हे. तो क्रमांक वाचून वेलांटी कोठें द्यावयाची, जोडाक्षर कसें जुळवावयाचें, हें जाणणारी व्यवस्था यंत्राच्या तळाशीं असावी लागते. विंडोज २००० मध्यें ती आली, आणि तिच्याबरोबर ‘मंगल’ हा फाँट आला. तो मुंबईचे अक्षररचनाकार व मराठीचे कवि र. कृ. जोशी यांनीं घडविलेला. त्यानंतरच एका घरांत लिहिलेलें मराठी पत्र दुसऱ्या घरांत, कोणताही विशेष फाँट न मागतां, मराठी म्हणून उघडूं लागलें. आज आपण मोबाईलवर आईला ‘पोहोंचलों’ एवढें लिहून पाठवितों, त्यामागें कार्यप्रणालीनें शिकलेलें हें अक्षरज्ञान आहे.

आणि तें ज्ञान किती नाजूक आहे, हें मराठी माणसानेंच ओळखावें. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन शब्द पाहा. एकांत सह्याद्रीच्या खोल घळी आहेत, दुसऱ्यांत समुद्र. हा भेद दाखविणारा आपला अर्धा ऱ हिंदीला लागत नाहीं. म्हणून ज्या व्यवस्थेनें देवनागरी म्हणजे केवळ हिंदी असें धरलें, तिला तो ठाऊक नसतो. अशा यंत्रावर आचाऱ्यांचे आचार्य होतात, आणि स्वयंपाक्याला दिलेली बिदागी गुरुजींच्या नांवावर जाते. रुपयाच्या चिन्हाचेंही असेंच. १५ जुलै २०१० रोजीं भारत सरकारनें तें स्वीकारलें. परंतु कार्यप्रणालींत नवी दुरुस्ती येईपर्यंत पुष्कळ पडद्यांवर त्याच्या जागीं रिकामा चौकोन दिसे. राष्ट्रानें ठरविलेलें चिन्हसुद्धां पडद्यावर उमटण्यासाठीं कार्यप्रणालीची वाट पाहतें. मग ती क्षुल्लक कशी ?

येथें एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. ‘तुमचें सारें खरें, पण सामान्य माणसाच्या हातीं आहे काय? मोबाईलला दोन प्रणाल्या, संगणकाला फार तर तीन. निवड नसलेल्या गोष्टीची चिंता करून डोकें कां शिणवावें ?’ यावर आमचें उत्तर असें, कीं निवड थोडी असणें हें बेफिकीर राहण्याचें कारण नसून सावध होण्याचें कारण आहे. गांवांत दुकानें पन्नास असतील तर तोलाकडे लक्ष नसलें तरी चालतें. दुकान एकच असेल तर काटा रोज पाहावा लागतो. आपल्या देशांतील शंभर मोबाईलांपैकीं नव्वदाहून अधिक अँड्रॉइडवर चालतात. भारताच्या स्पर्धा आयोगानें ऑक्टोबर २०२२ मध्यें अँड्रॉइडच्या बळाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि २०२३ च्या मार्चांत अपील न्यायाधिकरणानें, आयोगाचे कांहीं आदेश रद्द करूनही, दंडाची रक्कम कायम ठेवली. जो विषय आयोगाला एवढा गंभीर वाटला, तो आमच्या दिवाणखान्यांत ‘तंत्रज्ञांची कटकट’ म्हणून कां निकालांत निघावा ?

शिवाय लोकांनीं मागितलें तर मिळतें, याचे दाखले आहेत. २० जून २०२५ पासून युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणें, तेथें विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनला, त्या नमुन्याची विक्री थांबल्यापासून किमान पांच वर्षें कार्यप्रणालीच्या दुरुस्त्या पुरवाव्या लागतात. आपल्याच देशांत केरळ राज्यानें सरकारी शाळांतील संगणक मुक्त प्रणालीवर, म्हणजे लिनक्सवर, चालविले आहेत; तेथील शिक्षक व मुलें त्यामुळें अडाणी राहिलीं, असें कोणी म्हटलेलें आम्हीं ऐकलें नाहीं. लिनक्स १९९१ पासून वाढत आलें आहे आणि तें फुकट मिळतें. विंडोजच्या नव्या अटींत नापास झालेले पुष्कळ संगणक त्यावर आणखी कित्येक वर्षें चालूं शकतात. त्याचे दोषही आम्ही झांकीत नाहीं. एखादा स्कॅनर त्यावर रुसतो, मराठी छपाईचे कांहीं प्रचलित प्रोग्रॅम त्यावर बसत नाहींत, आणि गल्लींतला दुरुस्तीवाला त्याचें नांव ऐकून मान हलवितो. ज्याच्या पोटापाण्याचें काम विंडोजच्याच प्रोग्रॅमवर अवलंबून आहे, त्यानें विंडोजच ठेवावें. प्रत्येकानें प्रणाली बदलावी असा आमचा आग्रह मुळींच नाहीं. आपण कोणाच्या वाड्यांत राहतों, तें ठाऊक असावें, एवढाच आमचा आग्रह आहे.

त्यासाठीं तंत्रज्ञ होण्याची गरज नाहीं. साडी घेतांना पदर उलगडून पाहणाऱ्या आणि आंबे घेतांना देंठाशीं वास घेणाऱ्या गृहिणीला आम्ही चारच प्रश्न सुचवितों. यंत्र घेतांना विचारावें : याला सुरक्षेच्या दुरुस्त्या कोणत्या वर्षापर्यंत मिळतील ? कंपनीचें खातें न उघडतां हें वापरतां येईल काय ? यांतील पत्रें व छायाचित्रें उद्यां दुसऱ्या प्रणालीवर नेतां येतील काय ? आणि यावर मराठी नीट लिहितां-वाचतां येतें काय ? चौथ्या प्रश्नाची परीक्षा दुकानांतच ‘दऱ्या’ लिहून घ्यावी. दुकानदार पहिल्या दिवशीं गोंधळेल, दहाव्या दिवशीं उत्तरें पाठ करील. आणि पुरेशा लोकांनीं विचारलें तर तीं उत्तरें खोक्यावर छापून येतील.

आमचे मित्र म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचा तुम्हीं फार बाऊ केला. असेलही. पण आमच्या त्या स्नेह्यांच्या घरीं एक छापलेली वही आहे. सोडवितां आला तेवढा मजकूर त्यांनीं कागदावर उतरवून बांधून घेतला, आणि जेथें पानें गेलीं तेथें कोरीं पानें घातलीं. त्यांची मुलगी ती वही चाळतांना विचारते, ‘बाबा, आजोबांनीं इथें काय लिहिलं होतं ?’ ऑपरेटिंग सिस्टिमचें महत्त्व संपलें असें म्हणणाऱ्यांनीं त्या मुलीला उत्तर द्यावें.